जाग्या माणसाचे झोपाळू डोळे

कृष्णनाथचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. गजर लावायची त्याला गरज नव्हती. उठून विहिरीचं पाणी अंगावर घ्यायचा, गाडीच्या काचा पुसायचा आणि मोरजीला निघायचा. तिथल्या एका गेस्टहाऊसमधली माणसं मोपाच्या विमानतळावर पोचवायची, हे त्याचं काम. गावात पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजेपर्यंत त्याची दुसरी फेरी लागलेली असायची.

ह्या कामाआधी तो डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. मी त्याच खाणीच्या गॅरेजात पत्रा ठोकायचो. ट्रकाला पोचा आला की तो काढायचा, घासायचा, रंग मारायचा. सगळ्यांचे ट्रक माझ्याकडे यायचे. कृष्णनाथचा एकदाच आला, तोही दुसऱ्याने मागून ठोकलेला. चाकावर बसलेला हा माणूस कधी पेंगला नाही. हे मी पाहिलेलं सांगतो.

पण चेहरा उलटं सांगायचा. त्याच्या वरच्या पापण्यांची कातडी सैल होऊन डोळ्यांवर उतरली होती. दुकानदार जेवायला जाताना शटर अर्धं ओढून जातो, तसे ते डोळे. बापाचेही तसेच होते. बाप भाताची शेती करायचा, आणि भाताला शेतकऱ्याच्या डोळ्यांशी देणंघेणं नसतं. पाशिंजरला असतं.

पहाटेच्या अंधारात पाशिंजर बॅग घेऊन यायचा, दिव्याखाली ड्रायव्हरचं तोंड बघायचा आणि थबकायचा. झोप झाली का, असं विचारायचा. कृष्णनाथ झाली म्हणायचा. मग तो माणूस मागे न बसता पुढे बसायचा आणि मोपाच्या पठारापर्यंत याच्या तोंडाकडे बघत राहायचा. पुण्याच्या एका बाईने वाटभर गाणी म्हटली. तिला गाण्याची आवड होती असं नाही, ह्याला जागं ठेवायचं होतं. एका म्हाताऱ्याने दर वळणावर त्याच्या खांद्याला बोट लावलं. विमानतळावर उतरताना सगळ्यांचे डोळे तांबडे व्हायचे. ताजातवाना असायचा तो कृष्णनाथच.

गेस्टहाऊसचं बघणारा गौरेश तरुण आणि सभ्य मुलगा. त्याने एक दिवस याला चहाला बसवलं. म्हणाला, काका, तुम्ही झोपत नाही हे मला ठाऊक आहे, पण तक्रारी येतात. पाऊस सरून सीझन लागला की पहाटेच्या फेऱ्या दुसऱ्याला देतो, तुम्ही दुपारच्या घ्या. दुपारी मोरजीहून कोण विमानाला जातो? कृष्णनाथच्या घराची चूल पहाटेवर चालायची. आणि पोटाचं बाजूला ठेवलं तरी, जन्मभर जागं राहिलेल्या माणसाला झोपाळू म्हणून काढायचं, हे त्याला लागलं.

त्याने उपाय केले. डोळ्यांवर काकडी ठेवून बघितली. त्याची बायको गंगा म्हणाली, कोशिंबीर तेवढी वाया गेली. मग काळा चष्मा लावला. पहाटे काळा चष्मा लावलेला ड्रायव्हर बघून एक कुटुंब बॅगांसकट परत आत गेलं. शेवटी त्याची मुलगी सेजल हिने फोनवर वाचून सांगितलं की पापणीची जास्तीची कातडी काढतात, म्हापशाला डॉक्टर आहे.

जाताना त्याने मला सोबत घेतलं. म्हणाला, "सगुण, तू पोचे काढलेस. डॉक्टर काय करणार ते तुला कळेल." कातडी म्हणजे पत्रा नव्हे, असं मी सांगितलं. तरी गेलो. गंगावैनीही आल्या. म्हणाल्या, मला विचारल्याशिवाय याच्या तोंडाला कोणी हात लावायचा नाही.

डॉक्टर क्षमा पन्नाशीच्या. मेजावर पसारा नाही, बोलण्यातही नाही. आधी त्यांनीच विचारलं की हे करायचं कशासाठी. कृष्णनाथने पुण्याच्या बाईच्या गाण्यांसकट सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, आता तुम्ही विचारा.

कृष्णनाथने खाणीवर नवा ट्रक ताब्यात घेताना विचारावं तसं एकेक विचारलं. कापाकापीशिवाय होत नाही का? मलम, इंजेक्शन काही? डॉक्टर म्हणाल्या, मलमाने सैल कातडी आखडत नाही. सुरकुत्यांची इंजेक्शनं असतात, पण ती काही महिन्यांत उतरतात, आणि लोंबलेल्या कातडीला त्यांचा उपयोग नाही. मग सिनेमातली माणसं तोंड ओढून घेतात, ते? ते गालांसाठी आणि गळ्यासाठी, त्याने तुमचे डोळे उघडणार नाहीत. काहींची भुवईच खाली आलेली असते, त्यांचं काम वेगळं. तुमची भुवई जागेवर आहे, म्हणजे पापणीचंच काम. दुखेल का? इंजेक्शनाची टोचणी तेवढी. पुढे पापणी बधिर असते, तुम्ही मात्र जागे. हे ऐकून कृष्णनाथ गंगावैनींकडे वळून म्हणाला की मी जागा आहे हे मानणारं कोणीतरी भेटलं.

डाग राहील का? पापणी उघडताना जिथे घडी पडते त्या रेघेत टाके घेतात, काही महिन्यांनी शोधावा लागतो. किती टिकेल? बरीच वर्षं, पण वय थांबत नाही, कातडी पुन्हा थोडी सैल होईल. नजर सुधारेल का? चष्म्याचा नंबर आहे तोच राहील, पडदा तेवढा वर जाईल. धोका? सूज, रक्त, डोळ्यांना कोरडेपणा, क्वचित दोन डोळ्यांत थोडा फरक. फारच क्वचित नजरेलाही अपाय होतो, म्हणून नंतर दुखणं वाढलं किंवा कमी दिसायला लागलं तर दिवस-रात्र न बघता यायचं. हे त्यांनी गंगावैनींकडे बघून सांगितलं आणि कळलं का म्हणून विचारलं. मला बाई आवडल्या. काम करणाऱ्याने कामात काय बिघडू शकतं ते आधी सांगावं.

कृष्णनाथला मग हुरूप आला. गाडी गॅरेजात आलीच आहे तर नाकाचंही बघता का, असं त्याने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या की नाकाने कोणा पाशिंजरला घाबरवलंय का? नाही ना? मग राहू दे. गंगावैनींनी आपल्या कपाळावरच्या आठ्यांबद्दल हळूच विचारलं, आणि उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणाल्या, नको, त्या काढल्या तर हा मला घाबरायचा नाही.

शेवटी डॉक्टरांनी त्याला सरळ बसवून छताकडे बघायला सांगितलं. मान हलवायची नाही, फक्त डोळे.

कृष्णनाथचा डावा हात वर गेला. दोन बोटांनी त्याने पापणी उचलून धरली आणि छताकडे बघितलं.

"हात का वर केला?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठे केला?" तो म्हणाला. हात अजून तिथेच होता.

मला तेव्हा माटोळी आठवली. आमच्याकडे चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, रानातली फळं बांधतात. ती माटोळी. कृष्णनाथच्या घरी ती तोच बांधायचा, स्टुलावर उभा राहून, एका हाताने. दुसरा हात कपाळाशी. दोरीचं दुसरं टोक दातांत. मी दरवर्षी म्हणायचो की एका हाताची गाठ म्हणजे अर्धी गाठ. तो म्हणायचा, सवय. एकदा आरती चालू असताना तवसं सुटून भटजींच्या ताटात पडलं, तेव्हाही सवयच म्हणाला. त्याचा दुसरा हात पापणी धरण्यात अडकलाय हे त्याला ठाऊक नव्हतं आणि आम्हाला दिसलं नव्हतं.

डॉक्टरांनी पुढे दिव्याच्या यंत्रावर तपासणी केली. वरच्या बाजूचं त्याला खरंच कमी दिसत होतं. म्हणाल्या, हे नुसतं दिसण्यापुरतं नाही, काम करण्यासारखं आहे. मात्र पाशिंजरला काय वाटेल याची हमी मी देत नाही. माझं काम पापणीपर्यंत.

पैसे त्याच्याकडे होते. गाडीला नवा रंग मारायचा म्हणून पहाटेच्या फेऱ्यांतून बाजूला टाकत होता. रंग मीच मारणार होतो. डावा दरवाजा पार खरचटलेला. म्हणाला, आधी माझं शटर, मग गाडीचा दरवाजा.

तारीख त्याने स्वतः ठरवली आणि चूक तिथे झाली. सूज दहा-बारा दिवसांत उतरते असं ऐकून त्याने चवथीपासून मागे मोजलं. पाव्हण्यांपुढे तोंड नवं दिसेल असा हिशेब. डॉक्टरांनी बजावलं होतं की दोन आठवडे वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, तंबाखू नाही. तो सगळ्याला हो म्हणाला. तंबाखू त्याने खरंच सोडली, आणि त्या दिवसांत तो इतका चिडायचा की त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं.

काम चांगलं झालं. टाके निघाले त्या दिवशी मी जनेल उघडून उजेडात बघितलं. रेघ सरळ, दोन्ही बाजू सारख्या, कुठे ओढ नाही. असं काम घाईने होत नाही. फक्त डोळ्यांभोवतीचा रंग पिकल्या रातांब्याचा होता आणि तो चवथीची वाट बघत थांबणार हे दिसत होतं.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मूर्ती घडवणाऱ्या पांडुरंगच्या चित्रशाळेत गणपती आणायला गेलो. कृष्णनाथच्या घरचा गणपती घरकर्ता डोक्यावरून आणतो. बापाने आणला, याने आणला. याने टॉवेल डोक्यावर ठेवला, तेव्हा सेजल म्हणाली, "पप्पा, डॉक्टरने ओझं नको म्हटलंय."

"ओझं म्हणजे पाशिंजरच्या बॅगा," तो म्हणाला. "गणपती ओझं कसा?"

गणपती समोर, त्याच्या तोंडावर त्याला ओझं कोण म्हणणार? पांडुरंग ब्रश धुवायला लागला. मी माझ्या चपलांकडे बघितलं. मातीची हातभर मूर्ती पाटासकट किती भरते हे मला कळत होतं, पण मीही देवभोळाच. सेजलने सरळ डॉक्टरांना फोन लावला आणि बापाच्या तोंडाशी धरला.

"डॉक्टर, गणपती ओझ्यात धरतात का?"

पलीकडे काहीतरी तळल्याचा आवाज येत होता. तिकडेही नेवऱ्या, म्हणजे चवथीच्या करंज्या, चालल्या असणार. बाई म्हणाल्या, "मूर्ती केवढी?"

"हातभर. मातीची."

"मग धरतात. तो देव आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, कृष्णनाथबाब. तुमच्या पापणीला ठाऊक नाही."

याने फोन परत दिला आणि उभाच राहिला. मुलगा नाही, भाऊ मुंबईला. मी पुढे झालो, पण गंगावैनींनी त्याच्या डोक्यावरचा टॉवेल काढून घेतला, त्याची चुंबळ केली आणि मूर्तीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ठेवा डोक्यावर," त्या आम्हाला म्हणाल्या, आणि नवऱ्याला, "इतकी वर्षं तुम्हाला डोक्यावर घेतलंय. हा निदान गप्प बसतो."

पांडुरंगने आणि मी मूर्ती उचलून ठेवली. वैनी घरापर्यंत थांबल्या नाहीत. भाताचे भारे वाहिलेली मान, हलली नाही. कृष्णनाथ पुढे छत्री धरून चालला, काळा चष्मा लावून.

त्या चवथीला माटोळी मी बांधली. तो कदेलावर पाठ टेकून बसून हुकूम सोडत होता, घोस डावीकडे, तवसं मागे. आरतीला वाडा लोटला, आणि गणपतीचं दर्शन झालं की सगळे याचं घ्यायचे. शेजारचा धाकू चष्म्याखालून वाकून बघत म्हणाला, "गंगावैनी, हात जरा हळू ठेवायचा."

"हळूच ठेवला होता," वैनी म्हणाल्या आणि त्याला नेवरी वाढली.

पाऊस सरला, डोळ्यांभोवतीचे रातांबे उतरले. गौरेशने एक पहाटेची फेरी देऊन बघू म्हटलं. नंतर पाशिंजर काय सांगतो त्यावर पुढचं. त्या दिवशी उजाडता उजाडता माझा फोन वाजला. कृष्णनाथ कुजबुजत होता. विमानतळासमोर गाडी लावून बोलत होता.

"सगुण, पाशिंजर झोपला."

"मग?"

"मोरजी सुटली नाही तोच झोपला. मागच्या सीटवर. घोरतोय. उठवायला जीव होत नाही."

विमान चुकेल म्हणून मी त्याला उठवायला लावलं. तो माणूस डोळे चोळत उतरला आणि गौरेशला त्याने कळवलं की ड्रायव्हर फार तरतरीत दिसतो. पहाटेच्या फेऱ्या कृष्णनाथकडे राहिल्या. तक्रार एकच उरली, ती घरची. पूर्वी वैनी बोलायला लागल्या की हा ऐकतोय की झोपलाय ते कळत नसे आणि दोघांचं भागत असे. आता कळतं.

पुढच्या चवथीला मी नेहमीसारखा गेलो. अंगणात गाडी उभी होती, डावा दरवाजा तसाच खरचटलेला. रंगाचे पैसे पुन्हा साठायचे आहेत. आत कृष्णनाथ स्टुलावर उभा होता. दोरी दातांत नव्हती. वर बघत, दोन्ही हातांनी, तो सुपारीचा घोस बांधत होता. खाली उतरल्यावर मी चढून गाठ ओढून बघितली. पक्की होती. रंगाच्या त्या पैशांनी त्याने आपला डावा हात सोडवून आणला होता.