आतोबांच्या घंटेचे सेल

आमच्या आत्याला घरात सगळे ‘फ्यूज’ म्हणतात. पाठीमागे, अर्थात. समोर म्हणायची छाती कुणाची नाही. तिची सगळी हयात रेडिओ दुरुस्त करण्यात गेली. दुकान बंद झालं तेव्हा तिने हत्यारं घरी आणली, आणि गिऱ्हाइकांवर काढायचा रागही.

आतोबांना झटका आला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. उरला डावा हात. त्या हातासाठी आत्याने घंटा बनवली. उशाशी बटण, आणि स्वयंपाकघरात दोन सेलवर चालणारी डबी. एकदा दाबलं की पाणी, दोनदा दाबलं की कूस बदला, तीनदा दाबलं की रेडिओ लावा. न थांबता दाबत राहिलं तर काय, हे मात्र ठरलं नव्हतं.

गोम होती सेलच्या घरात. ते तिने एका मोडक्या खेळण्यातून काढलेलं. दोन्ही टोकांना स्प्रिंगा. सेल सुलटा घाला, उलटा घाला, आपला मजेत बसतो. दोन्ही उलटे बसले की आतली चिप जळालीच म्हणून समजा.

ती जाळण्याचा मान बहुधा तिच्या दिरांकडे. शेजारीच राहतात, मदतीची हौस दांडगी.

“भावजी, अधिकची खूण लाल रंगात काढलीय. अजून काय करू, ढोल बडवू?”

“वहिनी, चष्मा नव्हता हो.”

“मग हात खिशात ठेवायचे! तुमच्या भावाची जीभ आहे त्या डबीत. ती जाळलीत तुम्ही!”

मी मध्ये तोंड घातलं. “आत्या, एक डायोड टाक ना. सेल उलटे पडले तर वीज आत जाणारच नाही.”

“शहाणाच आहेस. डायोड फुकट काम करतो होय? मधल्या मध्ये स्वतःचा वाटा खातो. दोन सेलांत त्याला जेवू घातलं तर सेल जरा उतरले की घंटा कण्हायला लागेल. आणि मी का टाकू? लोकांना डोळे दिलेत ना?”

विषय संपला. तिने नवी चिप बसवली, आणि खुणेवर लाल रंगाचा आणखी एक हात दिला.

मग ती दुपार आली. फोनवर तिची नणंद होती. नणंदेचं म्हणणं, दादाला एखाद्या संस्थेत ठेवा, तिथे नीट बघतील. आत्याचा आवाज गल्लीभर. फोन खांद्याशी दाबून, बोलता बोलता तिने डबीतले सेल बदलले. एरवी सेल बदलल्यावर ती बटण दाबून बघते, आम्हालाही बघायला लावते. तेव्हा नाही बघितलं. “मी नीट बघत नाही काय?” असं ओरडत ती गच्चीवर कपडे काढायला गेली.

मी पोचलो तेव्हा ती आतोबांच्या दारात उभी होती. ते अर्धे पलंगाबाहेर लोंबकळत होते, चादर ओली, अंगठा अजून बटणावर. आणि नजर अशी की आत्याचा राग त्यापुढे पोरखेळ. आम्ही दोघांनी उचलून त्यांना नीट निजवलं, कपडे बदलले. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

आत्याने थेट फोन उचलला. “भावजी, परत हात घातलात?”

“वहिनी, मी तर आज फिरकलोच नाही!”

तिने डबी उघडली. तिनेच घातलेले दोन्ही सेल उलटे. मग डबी ओट्यावर आपटून म्हणाली, “सेलला असलं घर देणाऱ्या बाईला आधी हाकलायला हवं.”

त्या संध्याकाळी तिने अधिककडच्या स्प्रिंगा पकडीने उपटल्या, अक्षरशः दात उपटावेत तशा. तिथे सपाट पत्रा बसवला आणि त्यावर मध्ये भोक असलेली जाड फायबरची चकती चिकटवली. सेलचं नाक भोकातून पत्र्याला टेकतं. उलटा घातला तर सपाट बूड चकतीवरच अडतं. वीज नाही, जळणं नाही, कुणाला वाटा नाही. नवी चिप बसवून तिने भावजींना बोलावलं.

“उलटे घाला.”

“वहिनी, पुन्हा शिव्या खायच्या?”

“घाला म्हणते ना!”

त्यांनी डोळे मिटून घातले. काही झालं नाही. सुलटे केले, आणि आत्या आतोबांच्या खोलीत जाऊन म्हणाली, “दाबा.”

त्यांनी भिंतीकडचं तोंड न वळवता दाबलं. घंटा खणखणीत वाजली. वाजली ती वाजतच राहिली. भावजींनी कानांवर हात ठेवले, मी थांबवायला पुढे झालो.

“खबरदार,” आत्या म्हणाली. ती पलंगाशी उभी राहिली, हात बांधून. “वाजवू दे त्यांना.”