भिवाजीच्या मोटारीचा क्लच

खालापूरच्या भिवाजीला मोटारीचं दुखणं नुसतं ऐकून कळायचं. लांबून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तो सांगायचा, हिचं अमुक गेलंय, आणि नेमकं तेच गेलेलं असायचं. स्वतःची मोटार त्याने मुंबईहून तिसऱ्या हातची आणली होती, खालापूर ते कर्जत भाड्याने फिरवायला. गडी हुशार, पण हुशारीचा तोराही तसाच. एकतीस सालच्या दसऱ्याला त्या हुशारीचा काडीचा उपयोग झाला नाही.

त्याची बायको सुंदरा पहिलटकरीण, आदल्या रात्रीपासून अडलेली. दुपारी मंगळी सुईणीने हात टेकले. दिवस मावळायच्या आत कर्जतच्या डॉक्टरकडे न्या म्हणाली. भिवाजीने सुंदराला मागच्या बाकावर निजवलं, मंगळी उशाशी बसली. मोटार स्वतःच्या दारात उभी, मग घोर कसला, असं त्याला वाटलं खरं.

खोपोलीपर्यंत गाडी बरी चालली. पळसदरीच्या अलीकडे चढण लागली आणि इंजिन नुसतं बोंबलायला लागलं, गाडी मात्र जागची हलेना.

आधी वाटलं, ब्रेक धरलाय. गियर काढून पाहिला तर गाडी आपसूक मागे घरंगळली, म्हणजे ब्रेक मोकळा. पेट्रोल कमी पडतंय म्हणावं तर इंजिनाचा आवाज ठणठणीत. मग त्याने ब्रेक गच्च ओढला, गाडी गियरमध्ये घातली आणि क्लचवरचा पाय काढला. क्लच धड असता तर इंजिन गचका खाऊन बंदच पडलं असतं. पण कसलं काय! ते आपलं खुशाल फिरत राहिलं. क्लचच घसरत होता. मागे सुंदराच्या ओरडण्यातलं बळ कमी कमी होत चाललं होतं.

त्याने पायाखालची फळी उचलली. त्या काळच्या गाडीत क्लच म्हणजे चामडं मढवलेली लोखंडी वाटी. ती इंजिनाच्या चाकात घट्ट बसली तरच गाडी ओढायची. ते चामडं तेलाने चिंब होतं. करपल्याचा वास सुटला होता, आणि वाटीच्या काठाला हळदीकुंकू चिकटलं होतं.

काल खंडेनवमी होती. हत्यारं पुजायचा दिवस, म्हणून भिवाजी नदीवर गेलेला असताना सुंदराने मोटार पुजली होती. जड अंगाने वाकून, फळी उचलून, हलणाऱ्या प्रत्येक भागाला तेल घातलं होतं. लोखंडाला तेल नसलं की ते एकमेकाला खातं, हे तिला शिकवलं कुणी? यानेच! कौतुकाने एकेक सांधा दाखवला, आणि अख्ख्या गाडीत ज्या एका जागी तेलाचा थेंब पडता कामा नये, तेवढी सांगायची राहिली. भिवाजीला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मंगळीने धावत जाऊन जवळच्या ठाकरवाडीतून चुलीतली राख पदरात भरून आणली. भिवाजीने चिंध्यांनी तेल पुसलं, उरलेलं तेल शोषायला मूठ मूठ राख चामड्यावर दाबली. गाडी थोडी जायची, पुन्हा घसरायची. पुन्हा फळी, पुन्हा राख. असं किती वेळा झालं कोण जाणे. देवाला हाक मारायची तरी कुठल्या तोंडाने? पूजेनेच तर घात केला होता.

कर्जतला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सुंदरा वाचली. मुलगा पोटातच गेला होता. तासभर आधी आणलं असतं तर वाचला असता, डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "वाटंत गाडीला काय झालं व्हतं वो?"

"क्लचचं चामडं सुकलं व्हतं," तो म्हणाला. "जुनी गाडी हाय गं."

"मंग माजंच चुकलं," ती म्हणाली. "तिथं तेल कमी पडलं असंल."

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि पुन्हा जुन्या गाडीलाच दोष दिला.

त्यांना पुढे मूल झालं नाही. गाडी मात्र आणखी नऊ वर्षं टिकली. दर खंडेनवमीला सुंदरा फळी उचलायची आणि त्या चामड्यावर सगळ्यात जास्त तेल ओतायची. भिवाजी शेजारी उभा राहून बघायचा. ती घरात गेली की तो राखेचं घमेलं घेऊन गाडीपाशी बसायचा.