ड्युटी संपायच्या आत

वहिनींच्या घरात चित्र पूर्ण झालं असं कधी कुणी म्हणत नसे. चित्र उचललं जाई. बाहेर कुलपात किल्ली फिरली, की वहिनी हातातली पट्टी डब्यात टाकत, फळी भिंतीशी उलटी लावत आणि खालची वर्तमानपत्रं गोळा करत. पुढच्या क्षणी त्यांचे यजमान दारात उभे असत. ते शहर बसचे ड्रायव्हर. दिवसभर क्लच दाबून दुखलेला डावा पाय आधी घरात यायचा, मग ते स्वतः.

आमची दारं समोरासमोर होती. त्यांची एकच खोली आणि एक स्वयंपाकघर. खोलीत मुलगा अभ्यास करी, पाहुणे बसत आणि ड्रायव्हरसाहेब आले की पलंग उघडला जाई. पलंग उघडला की चित्राला जागा उरायची नाही. ते पोटात कावळे घेऊन आलेले असत. "अगं, तुझी जमीन उचल आता, मला आडवं व्हायचंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य मी माझ्या दारातून किती वेळा ऐकलं असेल.

ते 'जमीन' म्हणायचे ते खोटं नव्हतं. वहिनी जमीनच काढायच्या, फक्त तिच्यावर झाड, घर, माणूस असं काही नसायचं. सकाळी घरचं उरकून त्या शहराबाहेर जाणाऱ्या एखाद्या बसमध्ये खिडकीशी बसत. नवऱ्याच्या बसमध्ये मात्र नाही. "हे आरशातून माझ्याकडेच बघत बसतात, पुढच्यांना कोण बघणार?" असं म्हणायच्या. डोळे अर्धवट मिटून त्या बाहेर बघत. धावत्या बसमधून शेतं, खाणी, गोदामांची पत्र्याची छपरं, तळ्याची कड, सगळं ताणलं जाऊन आडव्या पट्ट्यांसारखं दिसतं. ते डोळ्यांत भरून त्या शेवटच्या थांब्यावरून परत फिरत. वही-पेन्सिल कधी नेली नाही. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर नुसती मान हलवायच्या. बोललं की रंग सांडतात म्हणे.

घरी आल्यावर पदर खोचून जमिनीवरच बसायच्या. प्लायवूडच्या फळीवर आधी गेरूसारखा रंग सपाट लावायचा. तो वाळला की भिंतीला पुट्टी भरतात त्या पत्र्याच्या पट्टीने वरचे रंग ओढायचे आणि ओले असतानाच अर्धे खरवडून काढायचे. खरवडल्यावर खालून जे दिसेल ते ठेवायचं. मी एकदा विचारलं, "वहिनी, लावायचं आणि काढायचं, मग लावायचं कशाला?" त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही फळ्यावर लिहून पुसता, तेव्हा पोरांच्या डोक्यात काहीतरी राहतंच ना?" माझ्या पोरांच्या डोक्यात काय राहिलं ते मला माहीत होतं.

वहिनी मुळातच स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. माझ्याकडे चहाला आल्या की बशी फिरवत, टेबलक्लॉथची कड सरळ करत, पडद्याच्या चुण्या मोजून सारख्या करत. चित्राशी तर वैरच. तासभर ओढाताण करून एखादा करडा पट्टा जागेवर बसला, की त्यांना तो दुसरीकडे हवा असे. तेवढ्यात किल्ली फिरायची आणि चित्र असेल तसं वाचायचं.

अशा वाचलेल्या फळ्या पलंगाखाली साठत गेल्या. मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, लग्न झालं, आणि त्याने मोठं घर घेतलं. ड्रायव्हरसाहेब त्याच सुमारास निवृत्त झाले. नव्या घरात एक खोली खास वहिनींची. मोठी खिडकी, दिवसभर एकसारखा उजेड, रंगांसाठी कप्पे, उंच स्टँड. मुलाने दारावर स्वतः 'आई' असं लिहून पाटी लावली. मला दाखवताना तो म्हणाला, "बाई, आईने सगळं आयुष्य जमिनीवर बसून काढलं. आता तिला कुणी उठवायचं नाही."

सामान हलवताना पलंगाखालच्या फळ्या बाहेर निघाल्या. मुलाच्या ओळखीचा एक गॅलरीवाला त्या बघून गेला आणि पुन्हा आला. काही चित्रकारांचं प्रदर्शन भरणार होतं. त्याने वहिनींकडे एकच मागितलं, पण मोठं, भिंतभर. "लहान फळ्या छान आहेत, पण आमच्या हॉलमध्ये हरवतील. एक मोठं द्या, मग पुढचं बघू." साठीला टेकल्यावर पहिल्यांदा कुणीतरी वहिनींना चित्र मागितलं होतं. हे हुकलं तर दुसरं बोलावणं येणार नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

महिना गेला आणि वहिनींचा मला फोन आला. "बाई, येऊन जा जरा." गेले. खोली लखलखीत. स्टँडवर मोठी फळी, आणि तिच्यावर रंगाचे इतके थर की तिला जाड भाकरी म्हणावी. वहिनी वाळल्या होत्या. "मंगळवारी बरं होतं," त्या म्हणाल्या. "मग मी निळा थोडा खाली घेतला. मग वरचा पट्टा उघडा पडला. तो झाकला. आता सगळंच चिखल झालंय." बोलता बोलता त्यांनी पट्टी उचलली आणि माझ्यासमोर आणखी एक थर ओढला. सकाळी उजाडल्यापासून त्या खोलीत, जेवायलाही सून ताट आत आणून देई. कुणी उठवायचं नाही, असं ठरलं होतं ना.

दारात ड्रायव्हरसाहेब उभे होते. रिकामपणाने तेही हैराण. म्हणाले, "जुन्या घरी माझ्या बुटांचा आवाज आला की हिचं चित्र संपायचं. आता मी दिवसभर चपलेत."

ते थट्टेने म्हणाले, पण वहिनींचा हात थांबला. नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "अहो, उद्यापासून तुम्ही बाहेर जा."

"कुठे?"

"कुठेही. आणि कधी येणार ते सांगू नका."

दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हरसाहेब बूट घालून निघू लागले. दुसऱ्याच्या बसमध्ये पुढे बसायचे आणि नव्या ड्रायव्हरांना ब्रेक कसा दाबावा हे सांगून त्यांची डोकी उठवायचे. घरी मनाला वाटेल तेव्हा परतायचे. पण एवढं करून उपयोग होईना. मी एकदा तिथेच होते. ते आले, खोलीच्या दारात थांबले आणि म्हणाले, "झालं का?"

"कोपरा राहिलाय."

"मग घे दहा मिनिटं. मी चहा ठेवतो."

त्या दहा मिनिटांत वहिनींनी दिवसभराची कमाई खरवडून टाकली. मग रागाने पट्टीच फेकली. "तिकडे कधी दिली होती का दहा मिनिटं?"

"तिकडे पाय दुखायचा गं माझा. भूक लागलेली असायची," ते म्हणाले. "आता कशाच्या नावाने ओरडू? पोट भरलेल्या माणसाला खोटं ओरडता येत नाही."

त्यावर वहिनींना हसू आलं, पण प्रदर्शन जवळ येत चाललं होतं.

पुढचं मला सुनेकडून कळलं. ती एका तपासणी प्रयोगशाळेत कामाला. दिवसभर उभं राहून नमुने तपासायचे, सुटायची वेळ नक्की नाही. एका संध्याकाळी घरी येते तर वहिनींनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून मोठी नवी फळी आडवी घातलेली. एक टोक टेबलाबाहेर, त्याला खुर्चीचा टेकू. मुलगा तोंड पाडून उभा. "आई, खोली आवडली नाही का तुला?"

"खोली चांगलीच आहे रे. त्या खोलीत मी कुणाच्या वाटेत येत नाही, तेच वाईट."

त्याला ते कळलं नाही, आणि लागलंही. त्या दिवशी तो आईशी बोलला नाही. सून मात्र समजूतदार. "राहू दे आई, आम्ही मांडीवर ताटं घेऊ," म्हणाली. तिसऱ्या दिवशीही तसंच म्हणाली. घरात सगळे गादीवर, कट्ट्यावर, उभ्याने जेवत होते आणि वहिनी टेबलाभोवती गोल फिरत होत्या. समजूतदारपणा इतका वाढला की चित्र पुन्हा चिखलाकडे निघालं.

शेवटी एका संध्याकाळी सुनेच्या प्रयोगशाळेतलं यंत्र बिघडलं होतं, दुपारचा डबा तसाच राहिला होता. ती आली, पिशवी खाली टाकली आणि टेबलाकडे बघून म्हणाली, "आई, उचला ते. मला खुर्चीला पाठ टेकून, टेबलावर ताट ठेवून जेवायचंय. आत्ता."

"हा उजवीकडचा कोपरा तेवढा—"

"आत्ता म्हटलं ना." आणि तिने स्वतः फळीचं एक टोक धरलं.

लग्न होऊन आल्यापासून ती सासूशी असं बोलली नव्हती. मुलगा मध्ये पडायला निघाला, तर ड्रायव्हरसाहेबांनी त्याचा हात धरला. वहिनींनी पट्टी डब्यात टाकली, दुसरं टोक धरलं आणि दोघींनी फळी आत नेऊन भिंतीशी उलटी लावली. जेवताना सून रडवेली झाली होती. वहिनींनी तिला दोनदा वाढलं.

गॅलरीचा टेम्पो यायचा त्या सकाळी मला बोलावलं होतं. फळी बाहेर आणली तेव्हा मी ती पहिल्यांदा नीट पाहिली. आडवे करडे, हिरवे, मातकट पट्टे एका बाजूने दबलेले, दुसऱ्या बाजूला सुटत जाणारे, मध्ये पाण्यासारखी एक पांढुरकी चीर. उजव्या कोपऱ्यात खालचा तांबडा रंग तसाच उघडा. माझी नजर तिथून हलेना. वहिनींचीही हलत नव्हती, पण त्यांचं कारण वेगळं. त्यांच्या अंगठ्याला ओला रंग लागलेला मला दिसला.

सुनेलाही दिसला. ती कामाला उशीर होत असूनही फळी आणि सासू यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "आई, हात मागे."

वहिनींनी हात मागे घेतले. आम्ही शाळेत पोरांना उभं करायचो, अगदी तशा. टेम्पोच्या माणसांनी फळी कापडात गुंडाळली, दोरी बांधली, जिन्याने खाली नेली. खाली टेम्पोचं दार आदळल्याचा आवाज येईपर्यंत सून जागची हलली नाही.

"तो कोपरा राहिलाच," वहिनी म्हणाल्या.

"राहू दे," असं म्हणून सुनेने पिशवी खांद्याला लावली.

"आज किती वाजता येशील?"

"काय माहीत आई. काम संपेल तेव्हा."

"बरं," म्हणून वहिनी वळल्या. मी चहाचा कप संपवत होते. त्यांनी तो माझ्या हातातून जवळजवळ काढूनच घेतला आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरायला लागल्या.