तुडमाखालचं पाणी

धानाला शेवटचं पाणी सोडलं तर गावच्या तलावात मासोळ्यांसाठी किती उरेल, याचं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर चालवून पाहायचं गणित, गेल्या वर्षी विद्यापीठातल्या एका मुलीने केलं होतं. उत्तर आलं, पाण्याच्या दोन पाळ्या सोडा. सोडल्या, आणि मासोळ्याही जगल्या. यंदा पाऊस कमी झाला. ती मुलगी परदेशी गेली आणि तिच्या फायली माझ्याकडे आल्या. मी विद्यापीठाच्या त्याच प्रकल्पाचं काम गावातल्या घरून करतो.

आधी गेल्या वर्षीचं उत्तर जसंच्या तसं आणायचं, मगच नवे आकडे घालायचे, हा माझा नियम. ते उत्तर येईना. प्रोग्राम तोच, फाइल तीच, पण माझ्या संगणकावर दुसऱ्या पाळीलाच मासोळ्या मरत होत्या. फायलीत नुसतं लिहिलं होतं : पाणी, नऊ फूट. कुठून मोजलेले, ते प्रोग्रामला वेगळं सांगावं लागतं, आणि मी ते तळापासून धरले होते.

मी तलावावर गेलो. मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष डोंग्यातून बांबू टाकून खोली पाहत होते. त्यांना गेल्या वर्षीच्या नऊ फुटांचं विचारलं.

"नऊ कुठून, भाऊ? तुमचे कास्तकार तुडमापासून वर मोजतेत. खालचं पाणी त्याहिले पाणीच नाही वाटत. आमी चिखलापासून मोजतो. मासोळी तुडूम पाहून थोडीच रायते!"

तुडूम म्हणजे पाणी सोडायचं दार. ते तळापासून चार फुटांवर आहे. गेल्या वर्षीचे नऊ फूट शेतकऱ्यांनी मोजलेले होते. मी तसं धरलं आणि जुनं उत्तर तंतोतंत आलं.

यंदाचा आकडा होता आठ, आणि तो मच्छीमारांच्या बांबूचा होता. म्हणजे तुडमावर चारच फूट. एकच पाळी.

पुन्हा असा घोळ नको म्हणून आम्ही प्रत्येक आकड्याला वेबवर कायमचा पत्ता देतो आणि तो कशाचा, कुठून मोजलेला, कोणी मोजला, प्रोग्रामच्या कोणत्या आवृत्तीत वापरला, हे संगणकाला वाचता येईल असं जोडतो. कोणीही, कुठेही, तेच गणित पुन्हा चालवू शकतो. मी तेच करत बसलो होतो तेव्हा बायकोचा मोठा भाऊ आला. त्याच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, कालव्याच्या टोकाला.

"जवाईबापू, आठ त आठ. कुठून मोजले, ते कोण पायते?"

"आता सगळेच पाहतील, दादा. तेच तर लिहून राहिलो."

"त नका लिहू! बहिणीच्या घरचं गणित, अन् भावालेच कोरडा ठेवते? मले सांगा, एका पाळीत माह्या बांधीत पाणी येते का नाही?"

मी त्याच्यासमोर गणित चालवलं. पाणी त्याच्या आधीच्या बांधीत संपत होतं. मोजमाप 'तुडमापासून' असं लिहिलं असतं, तर दुसरी पाळी सुटून त्याच्यापर्यंत पोहोचत होतं. एका शब्दाची गोष्ट. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी 'चिखलापासून' लिहिलं आणि वेबवर चढवलं. तो शब्द नंतर बदलला असता, तर तो बदलही तिथे दिसला असता.

"चहा घे," बायको म्हणाली.

"तुह्या नवऱ्याले पाज," म्हणत तो चपला घालून निघाला.

पाळी एकच सुटली. भाऊबीजेला बायको एकटीच माहेरी गेली.