जिनसेंगच्या दोन डब्या

मी मोताळ्याच्या बाजारात बांगड्या भरते. आमचं घर कासाराचं. सासूबाईंना बसवेनासं झालं तेव्हा दुकान माझ्याकडे आलं. समोरच्या बाईचा पंजा आपल्या हातात घ्यायचा, अंगठ्याखालचा भाग दाबून हात निमुळता करायचा आणि काचेची बांगडी अलगद वर सरकवायची, असं हे काम. बाईनं हात सैल सोडला तरच ते जमतं.

माझ्याच बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे उठले, वर पांढरी खपली धरू लागली. आधी वाटलं, साबणानं होत असेल. घाट चढून बुलढाण्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाहताक्षणी सोरायसिस सांगितलं. कोणाला लागत नाही, पण पुरता जातही नाही, म्हणाले. मलम दिलं. चट्टे उतरायचे, पुन्हा यायचे.

बायका तोंडानं काही बोलत नसत. हात पुढे करण्याआधी त्यांची नजर माझ्या बोटांवर जायची, एवढंच. एकीनं बांगड्या कागदात बांधून मागितल्या, घरीच भरून घेते म्हणाली. तेव्हापासून बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मला घास गिळवेना.

दिवाळीला पुण्याची भाची आली. तिनं कोरियाहून आलेल्या क्रीमची डबी माझ्या हातावर ठेवली. त्यात जिनसेंग नावाच्या मुळाचा अर्क होता. तिकडे त्या मुळाला फार मान आहे, म्हणे. मला लावायचा धीर होईना. डबी घेऊन डॉक्टरांकडेच गेले. त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली. या मुळातले काही घटक त्वचेची आग कमी करतात, कातडीत ओल धरून ठेवतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय, म्हणाले. पण तिथं दिसलेलं माणसाच्या हातावर तसंच उतरेल याची खात्री अजून कोणी दिलेली नाही. मलम सोडायचं नाही, आणि ही क्रीम आधी कोपराच्या आत थोडी लावून पाहायची. मी तसं केलं. खाज उठली नाही. पुढं हातांनाही लावू लागले. कातडी जरा मऊ पडली, चट्टे मात्र होते तिथंच.

डबी संपली त्याच सुमारास आमच्या जुन्या गिऱ्हाइकाकडं लग्न ठरलं. त्या घरच्या सगळ्या सुनालेकींना आम्हीच बांगड्या भरत आलो. नवरीचा हिरवा चुडा मीच भरायचा होता. सगळ्या पाहुण्यांसमोर माझे हात दिसणार, या विचारानं मला काही सुचेना. मोबाइलवर तसल्याच मुळाचं चित्र असलेली दुसरी डबी दिसली, ती मागवली. भाचीला विचारलंही नाही.

आठवडाभरात चट्टे गेले. बोटं गुळगुळीत झाली. नवरा म्हणाला, आता तरी पोटभर जेव. मी जेवले, पण मनात पाल चुकचुकत होती. इतक्या दिवसांच्या औषधानं जे झालं नाही ते एवढ्या लवकर कसं झालं? तरी लग्नापर्यंत लावतच राहिले. चुडा भरला. नवरी हसत होती.

लग्न उरकल्यावर डॉक्टरांकडे गेले. मला वाटलं, हात पाहून खूश होतील. त्यांनी माझा हात उजेडात धरला. कातडी पातळ होऊन चमकत होती, खालच्या बारीक शिरा दिसत होत्या.

"हे जिनसेंगचं काम नाही," ते म्हणाले. "मुळाचा अर्क इतक्या घाईनं काही करत नाही. यात जोरदार स्टेरॉइड मिसळलं असावं. सोडलं की आजार उसळेल. घाबरू नका, पण तयारीत राहा."

तो उसळलाच. सांध्यांपुरते असलेले चट्टे मनगटापर्यंत चढले. बोटं मिटताना भेगांतून रक्त यायचं. दुकानावर माझी धाकटी जाऊ बसू लागली, मी मागं बसून नुसती मापं सांगायची. आणि ज्याची धास्ती होती तेच झालं. नवरीची आई आली. माझे हात बघून ती बसलीच नाही.

"माह्या पोरीले तर नाही न लागन हे?" तिनं हळूच विचारलं.

"नाही लागत, ताई. पण माह्या बोलन्यावर नका जाऊ. तुम्हीच डॉक्टरले विचारा, मी संगं येतो."

ती खरंच आली. एसटीत आमच्या मधे तिनं पिशवी ठेवली. घाटातल्या वळणांवर ती पिशवी घसरून माझ्या मांडीवर यायची आणि मी ती हात न लावता कोपरानं सरकवायची. डॉक्टर तिलाही काही वेगळं सांगतील की काय, अशी वेडी भीती वाटत होती. त्यांनी तेच सांगितलं: हा स्पर्शानं पसरत नाही, कासारणीकडून नवरीला जात नाही. माझ्या दोन डब्यांची हकीकत तिनं वाटेत ऐकली होती. मग तिनं स्वतःहून विचारलं, त्या जिनसेंगच्या मुळात काही अर्थ आहे की सगळं खोटंच? मुळात अर्थ असू शकतो, ते म्हणाले, खोटी ती डबी. रीतसर तपासून औषध निघालं तर मीच लिहून देईन.

परतीच्या वाटेवर तिनं पोरीला फोन लावला आणि काही काळजी करू नको म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "विचारलं म्हनून राग नको धरू."

मला राग नव्हता. मीही तेच विचारलं असतं.

चट्टे उतरायला पुष्कळ महिने गेले. आता मी दुकानावर बसते. कोणाची नजर बोटांवर गेली की आपणहून आजाराचं नाव सांगते. काहीजणी हात देतात, काही शेजारच्या दुकानात जातात. भाचीनं पहिल्यासारखी डबी पुन्हा पाठवली, ती डॉक्टरांना विचारून कोरड्या कातडीवर लावते. थंडी पडू लागली आहे. सकाळी उठल्या उठल्या मी हात खिडकीशी नेऊन पाहते. आज उजव्या करंगळीवर थोडी लाली आहे. मलम लावलंय, आणि बाजार उद्या आहे.