चांद्याची हळद

मोंबासाच्या रुग्णालयात जन्मभर मेट्रनकी करून मी निवृत्त झाले, तेव्हा मंडळींनी हार घातले, भाषणं केली आणि एकमताने सांगितलं, "आता आराम करा." आराम या शब्दाशी माझं कधीच पटलं नाही. मी सरळ मुंबईच्या बोटीचं तिकीट काढलं. जन्म मोंबासाचा, पासपोर्ट इकडचा, म्हणजे मायदेश म्हटला तरी माझ्यासाठी तो परदेशच. तिथे जाऊन मी काय दिवे लावले ते इथल्या मंडळींनी उडतउडत ऐकलं आहेच. आता माझ्या तोंडून नीट ऐका.

महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं. माझा मामेभाऊ वसंता सानपाड्याजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होता. मानखुर्दहून होडीने खाडी ओलांडायची आणि वाशीला उतरायचं. आमची होडी ओहोटीत सापडली. पुढची वाट गुडघाभर चिखलातून. माझी एक चप्पल त्या चिखलाने गिळली ती गिळलीच. न्यायला आलेला वसंता माझा अवतार बघून हसत सुटला. "ताई, आफ्रिकेतून इथवर धड आलीस आणि इथे फसलीस!"

रात्री शेजारच्या घरून तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (चिखलात उड्या मारणारे छोटे मासे) कालवण आलं. मी मागून मागून जेवले, त्यामुळे गावात माझी पत एकदम वाढली.

सकाळी वसंता मिठागरं दाखवायला घेऊन गेला. नजर जाईल तिथवर पाण्याचे चौकोन आणि बांधांवर मिठाचे पांढरे ढीग. डोळे दिपत होते. ढिगांवरून खाडीतल्या मचव्यांपर्यंत (मालाची शिडाची गलबतं) बैलगाड्यांची रांग लागली होती. त्यातल्या एका बैलाकडे बघून मी थबकले. कपाळावर पांढरा ठिपका, उमदं जनावर. पण जुवाखाली खांदा सोललेला, आणि त्या उघड्या मांसावर मिठाचे खडे. माझ्या वॉर्डात असा पेशंट सापडला असता, तर मी अख्खं रुग्णालय डोक्यावर घेतलं असतं.

"गाडी थांबव! आत्ताच्या आत्ता सोड त्याला!" मी ओरडले.

गाडीवान हसुराम भला माणूस. तो रागावला नाही, पण थांबलाही नाही. "बाय, मना काय हौस हाय? पावसाच्या आधी मीठ मचव्यात जायला पायजे. माजी गारी बसली तर मुकादम पाली (पाळी) दुसऱ्याला देल. मंग घरात चूल कशी पेटंल?"

त्याचंही खरं होतं. घर त्या गाडीवर चालत होतं आणि गाडी या चांद्या बैलावर. चांद्या आडवा झाला तर पुढच्या वर्षी गाडीच नाही, हे हसुरामलाही कळत होतं. पण पुढच्या वर्षासाठी आज उपाशी कोण राहणार?

संध्याकाळी मी त्याच्या अंगणात गेले. कडुनिंबाच्या पाण्याने जखम धुतली आणि तेलात कालवलेली हळद खांद्यावर जाड थापली. चांद्याने एक लाथ झाडली, ती माझ्या मांडीला लागली. लागू दे म्हटलं. सकाळी जाऊन बघते तर हसुराम जू घेऊन उभा! मी रागावले, गँगरीनपासून सगळं समजावलं. तो खाली मान घालून ऐकत होता आणि हातांनी दोरी सोडत होता. मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात त्याची आई धाकलीबाय लेकीच्या गावाहून परत आली. तिने चांद्याचा पिवळाधमक खांदा बघितला आणि डोक्यावरची टोपली खाली ठेवली.

"याला हलद कोनी लावली?"

"मी," मी म्हणाले.

"मंग तू करवली याची." आणि ती लेकावर कडाडली, "अरं, हलद लागल्यावर नवऱ्याला कुनी कामाला लावतं? उंबऱ्याभायेर पाय टाकू देत नाय, नि तू मिठावर नेतंस?"

ती थट्टा करत होती की खरंच रागावली होती, ते मला आजही सांगता येणार नाही. आगरी घरात हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा. तिथे हळदीचा शब्द मोडायची हिंमत कुणाची? हसुरामने जू खाली ठेवलं.

बातमी गावभर झाली. बायका हसत हसत हळदीची गाणी म्हणत आल्या. पाठोपाठ मुकादम आला. "गारी नाय तर पाली गेली," तो म्हणाला. तेव्हा रांगेतले गाडीवान पुढे झाले. नवऱ्याच्या घरचं काम गावानं करायचं, हीही तिथली रीतच. हसुरामचा ढीग त्यांनी आपापल्या गाड्यांत वाटून घेतला. मुकादम पुटपुटत निघून गेला. पुढे त्याच्याच बैलाचा खांदा आला, म्हणजे जुवाने सुजला, तेव्हा मला बोलवायला तो स्वतः आला होता!

मग उन्हाळाभर मला फुरसत कसली? जुवाला काथ्याच्या गाद्या बांधायला मी घरोघर शिकवलं. जखमी बैलाला हळद आणि हळद उतरेपर्यंत सुट्टी. बायकांनी हा कायदा असा उचलून धरला की गाडीवान आपणहून जू उतरवू लागले. चांद्याच्या खांद्यावर नवे केस आले, त्या दिवशी मी हसुरामच्या अंगणात लाडू वाटले. माणसांची सेवा मी पगार घेऊन केली. ही फुकट केली, आणि तिचाच मला जास्त अभिमान आहे. सांगायला लाजू कशाला?

परत निघाले तेव्हा वाशीच्या धक्क्यावर एक अनोळखी गाडीवान भेटला, ऐरोलीकडचा. त्याच्या गाडीला एक बैल धिप्पाड आणि एक अगदी लहानखुरा. मी विचारलं, "ही कसली विजोड जोडी?"

"यो शेजाऱ्याचा हाय. माजा घरी बसलाय. हलद लागलीय त्याला."

"बैलाला हळद?" मी वेड पांघरलं.

त्याने माझ्या परदेशी छत्रीकडे आणि बुटांकडे बघितलं. त्याला माझी कीव आली असावी. "तुमाला कसं ठाव असंल, बाय? खांदा आला का हलद लावाची, नि हलद असंस्तवर जू नाय ठेवाचा. आमची लय जुनी रीत हाय. वाडवडलांपासून चालत आलीय."

होडीवाला हाका मारत होता. मी त्या गाडीवानाला म्हटलं, "फार चांगली रीत आहे हो तुमची," आणि होडीत जाऊन बसले.