जुलैतली एप्रिल छाटणी

हॉर्नबी हे ख्राइस्टचर्चचं असं उपनगर आहे की तिथे माणसांपेक्षा गोदामं जास्त राहतात. त्यातल्याच एका गोदामात मी तीन वर्षं फोर्कलिफ्ट चालवली आणि निकिताताईंच्या गॅरेजमध्ये राहिलो. निकिताताई पुण्याच्या, इथे इस्पितळात नर्स. त्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या गाडीच्या गोठलेल्या काचेवर कोमट पाण्याचा तांब्या ओतला आणि खिडकीतून थालीपिठांचा डबा आत दिला. तांब्यातलं शेवटचं पाणी खाली पडेपर्यंत त्याची काठी झाली होती, इतकी थंडी. ज्यांना खोटं वाटत असेल त्यांनी जुलैत, म्हणजे इथल्या भर हिवाळ्यात, हॉर्नबीला येऊन बघावं.

"वैभव, तिथे जाऊन फार बोलू नकोस," ताई म्हणाल्या. "काम दाखव फक्त."

"मी कुठे फार बोलतो?"

त्यांच्या सात वर्षांच्या इराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. ती दारातून म्हणाली, "यू टॉक हीप्स, मामा."

काम द्राक्षाच्या छाटणीचं होतं. वर मार्लबरोमध्ये, रस्त्याने पाचेक तासांवर. गोदामाचं कंत्राट संपत आलं होतं. मळ्यावर पंधरा दिवस माझं काम बघणार, पसंत पडलं तर कायमची नोकरी आणि पुढचा व्हिसा. नाही पडलं तर ऑगस्टअखेर विमान आणि थेट दिंडोरी. दिंडोरीला परत जाण्यात वाईट काहीच नाही, घरची द्राक्षबाग आहे. पण तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी आधीच सांगून बसलो होतो की मला मळ्याचा मॅनेजर केलंय. तात्यांनी ते सोसायटीच्या ओट्यावर सांगितलं, आणि ओट्यावरून ते निम्म्या तालुक्यात गेलं. एवढ्या लोकांची निराशा करायची माझी छाती नव्हती.

शहर मागे पडलं तशी मेंढरं सुरू झाली. इथली मेंढरं माणसांकडे अशी बघतात, जणू घरमालकीण भाडेकरूकडे बघतेय. खेड्यातल्या रस्त्यावर समोरून गाडी आली की चालक स्टिअरिंगवरून एकच बोट उचलतो. हात नाही, फक्त एक बोट. तो इथला रामराम. मी पहिल्यांदा उत्साहात दोन्ही हात उचलले आणि गाडी कुंपणाच्या दिशेने निघाली. तेव्हापासून एकच बोट उचलतो.

हंडलीच्या घाटात रस्त्याचं काम चालू होतं. नारिंगी जाकिटातला एक बाबा 'थांबा'ची पाटी धरून उभा होता. त्याने थांबवलं आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "किया ओरा (नमस्कार). कुठे निघालास?"

"छाटणीला."

"करता येते?"

"द्राक्षाच्या वेलाखालीच जन्मलोय."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं. "स्वीट ॲज (उत्तम आहे)," म्हणाला आणि पाटी फिरवली.

कायकौराला आलं की डाव्या हाताला बर्फाचे डोंगर आणि उजव्या हाताला समुद्र. मध्ये रस्त्याला जेमतेम जागा. पुढे खडकांवर सील पहुडलेले असतात, लग्नघरातल्या जेवणानंतरच्या पाहुण्यांसारखे. मी बाकावर बसून डबा उघडला. पहिलं थालीपीठ हातात घेतलं न घेतलं तोच एका समुद्रपक्ष्याने ते उचललं. पक्षी कबुतराएवढाच, पण झेप गरुडाची. दुसऱ्या थालीपिठाला त्याचे मित्र आले. शेजारच्या बाकावरच्या आजीबाई शांतपणे म्हणाल्या, "आवडलेलं दिसतंय त्यांना. काय आहे ते?" मी उरलेलं अर्धं त्यांना दिलं. त्यांनी चावून सांगितलं की तिखट आहे, पण पक्ष्यांचं बरोबर आहे. मी पुढच्या गावात डेअरीतून (दूधडेअरी नव्हे, इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) एक खिम्याचा पाय, म्हणजे गोल बंद कचोरीसारखा प्रकार, घेतला आणि तो गाडीतच काचा लावून खाल्ला.

दुपारी मार्लबरो आलं. डोंगर संपला आणि खाली सपाटीवर नुसत्या ओळी. जिथे नजर जाईल तिथे तारा, खांब आणि पानं झडलेले वेल. आमच्या तालुक्यातल्या सगळ्या बागा इस्त्री करून अंथरल्या तर जेवढं होईल, त्याच्या वर आणखी एक तालुका. मी गाडी कडेला घेतली, उतरलो आणि कुंपणालगतच्या पहिल्या वेलाला हात लावला. तीन वर्षांत वेलाला हात लागला नव्हता. साल तीच, खरखरीत, सुटी सुटी. बराच वेळ तिथे उभा होतो. एवढं एक खरं सांगतो, त्यात मीठमसाला नाही.

मुकादम होती मरामा. माओरी बाई, पन्नाशीची, लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, बोलणं हळू. दुसऱ्या दिवशी सकाळी गवतावर पांढरं दहिवर असताना तिने माझ्या हातात कात्री दिली आणि पहिल्या वेलापाशी नेलं.

"हे बघ, आपण काय करतो..."

"गरज नाही," मी म्हणालो. "आमच्या तीन पिढ्या द्राक्षात आहेत. माझे आजोबा झोपेत छाटायचे."

"झोपेत?"

"डोळे मिटून. नुसत्या वासावर."

तेवढ्यात पलीकडे कामगारांची व्हॅन चिखलात रुतली म्हणून कोणी हाक मारली. ती म्हणाली, "बरं, ही कडेची ओळ घे. मी येते." बाकीची टोळी पाईनच्या झाडांच्या पलीकडे होती, तिथलं मला काही दिसत नव्हतं.

मी सुरू केलं. पहिल्या दोन वेलांना बोटं कडक होती, मग सैल झाली. कात्री बोलायला लागली. प्रत्येक काडी दोन डोळ्यांवर (डोळा म्हणजे काडीवरची कोंब फुटायची जागा) कापायची, खोडाशी आखूड, डोळ्याच्या वर बोटभर, तिरका काप. डोकं कुठेच लागत नव्हतं, हातांनाच सगळं पाठ. ती ओळ अशी की एका जिल्ह्यात सुरू होते आणि दुसऱ्यात संपते, पण स्मोकोच्या (सकाळच्या चहाची सुट्टी) आत मी तिच्या टोकाला पोचलो. मागे वळून बघितलं तर एकसारखे खुंट, रांगेत, मुंज झालेल्या बटूंसारखे. तात्यांनी बघायला हवं होतं, असं वाटलं.

मरामा आली आणि पहिल्या वेलापाशी थांबली. मग दुसऱ्यापाशी गेली. एका खुंटावर तिने हातमोज्यातलं बोट टेकवलं.

"वैभव. काड्या कुठे आहेत?"

मी जमिनीकडे बोट दाखवलं.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"तुमच्याकडे असंच करतात?"

"एप्रिलमध्ये असंच."

"आणि मग?"

"मग ऑक्टोबरमध्ये पुन्हा छाट..." आणि वाक्याच्या मधोमध मला कळलं. दहिवरात उभा असून कानामागून घाम आला.

ज्यांच्या घरी बाग नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे उन्हामुळे वेल झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटायचा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सगळं आखूड, म्हणजे नव्या काड्या येतात. ऑक्टोबरमध्ये त्या काड्या छाटायच्या, म्हणजे घड येतात. इथे वेल हिवाळाभर झोपतो आणि छाटणी एकदाच. गेल्या उन्हाळ्यातल्या चांगल्या लांब काड्या ठेवायच्या, तारेवर आडव्या बांधायच्या, त्यांवर द्राक्षं येतात. मी सबंध ओळीच्या त्याच काड्या कापून जमिनीवर अंथरल्या होत्या. जुलै महिन्यात एप्रिल छाटणी करून ठेवली होती, आणि या देशात पुढे ऑक्टोबर छाटणी नव्हती. यंदा त्या ओळीला पानं येणार, काड्या येणार आणि घड नावाला.

मरामाने आवाज चढवला नाही. खिशातून गुलाबी फीत काढून ओळीच्या पहिल्या खांबाला बांधली. "चहा पी जा," म्हणाली. "मग जोसेफबरोबर काम कर. बोलू नकोस, बघ."

"मला काढणार का?"

"दुसऱ्या शुक्रवारी सांगते."

जोसेफ व्हानुआटू बेटांवरचा. दारातून आडवं यावं लागेल असा रुंद माणूस, आणि हसला की पाईनवरचे पक्षी उडायचे. दर हिवाळ्याला इथे कामाला येतो. त्याने माझं नाव पहिल्याच दिवशी ठेवलं.

"ये बार्बर. आज कोणाची हजामत?"

"आधी तुझी करतो."

"नको भाऊ, तू मुळापासून करतोस."

पण शिकवायला जोसेफसारखा कोणी नाही. डावीकडे दोन, उजवीकडे दोन, बोटाएवढी जाड काडी, उन्हात वाढलेली, तपकिरी. बाकीच्या कापायच्या. निवडलेली काडी वाकवताना ती कुरकुरते. किती कुरकुरू द्यायची आणि कुठे थांबायचं हे कानाने ओळखायचं. मी पहिल्या दिवशी इतक्या काड्या मोडल्या की जोसेफ म्हणाला, रात्रीच्या शेकोटीची सोय झाली. आपल्याकडे मांडवाखाली मान वर करून छाटायचं, इथे वाकून. संध्याकाळी पाठ अशी व्हायची की मी वाकलेलाच व्हॅनमध्ये बसायचो, आणि उतरतानाही वाकलेलाच. संध्याकाळी कामगारांच्या वसतिगृहात मी मुगाची खिचडी करायचो आणि जोसेफ नारळाच्या दुधातली मासळी. मग ताटांची अदलाबदल. त्याला खिचडी इतकी आवडली की बार्बर बदलून मला दोन दिवस शेफ म्हणाला. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा एक काडी मोडली.

मधल्या रविवारी दुपारी ऊन होतं. मी त्या गुलाबी फितीच्या ओळीपाशी गेलो आणि तात्यांना फोटो पाठवला. का पाठवला, सांगता येणार नाही. खाली लिहिलं, 'बघा तात्या, एका नवीन माणसाने कशी ओळ घालवली. मॅनेजरला किती डोकेदुखी असते.'

लगेच फोन आला.

"कोणी केलं रे हे?"

"आहे एक. बाहेरून आलेला."

"हं. फोटो मोठा करून पाहिला मी. काप पाहिला का त्याचा? डोळ्याच्या वर बोटभर, अन् उतार डोळ्याच्या उलट्या अंगाला. पाणी डोळ्यावर उतरू नये म्हणून."

"असेल."

"असा काप मी आयुष्यात एकाच पोराला शिकवला."

"तात्या, इथे नेटवर्कचं जरा..."

"नेटवर्क चांगलं हाये."

त्यांच्या मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

"मॅनेजर नाही ना तू?"

"नाही."

"काढून टाकतील?"

"शुक्रवारी कळेल."

"कापात खोट नाही," तात्या म्हणाले. "देश चुकला." आणि आईला फोन दिला. आईने जेवणाचं विचारलं, मी खिचडी सांगितली, आणि तिने ती कशी करायची ते मला पहिल्यापासून सांगितलं.

शुक्रवारी काम सुटल्यावर मरामाने मला त्या ओळीपाशी बोलावलं. फितीवर काळ्या पेनने कोणीतरी 'एप्रिल' असं लिहून ठेवलं होतं. टोळीतले सगळे आता त्या ओळीला एप्रिलच म्हणायचे.

"तुझ्या आजोबांचं झोपेत छाटणं," मरामा म्हणाली, "ते खरं?"

"आजोबा डोळे उघडे ठेवूनच छाटायचे. दुपारी मात्र झोपायचे."

"हं." ती खांबाला टेकली. "ही ओळ यंदा गेली. पण उन्हाळ्यात इथे काड्या येतील, भरपूर येतील. पुढच्या हिवाळ्यात त्या कोणीतरी निवडायच्या, बांधायच्या. तो गुंता मी सोडवणार नाही. जोसेफही नाही."

मी फितीचं सुटलेलं टोक खांबाला पुन्हा गुंडाळलं.

"ज्याने कापलं त्याने बांधायचं," ती म्हणाली. "सोमवारी ऑफिसात ये, सही करायला. आणि वैभव, नवीन माणूस आला की त्याला आधी ही ओळ दाखवायची. बोलायला आवडतं ना तुला, मग तूच दाखव."

शनिवारी सामान आणायला हॉर्नबीला निघालो. तोच रस्ता, तेच डोंगर, फक्त या वेळी समुद्र डाव्या हाताला. कायकौराला मी डबा उघडला नाही. पक्ष्यांनी गाडी ओळखली, असं मला वाटतं, निदान ते बॉनेटवर येऊन बसले. घाटात तो पाटीवाला बाबा होताच.

"मग? छाटलंस?"

"छाटलं. जरा जास्तच."

त्याने पाटी फिरवली. मी स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, त्यानेही उचललं. गाडी चालवताना वाटलं, तीन वर्षं मी या देशात माल इकडून तिकडे ठेवत होतो. त्यातलं कुठलंही खोकं मी उचललं काय, दुसऱ्याने उचललं काय, फरक पडत नव्हता. आता इथे एक ओळ आहे, जी माझ्यामुळे एक वर्ष मागे आहे. ती पुढे आणेपर्यंत मला कुठे जाता येणार नाही. एखाद्या जागेशी नातं जुळायला काहीतरी बिघडवावं लागतं की काय, कोण जाणे. माझं तरी तसंच जुळलं.

दारात इराने विचारलं, "डिड दे फायर यू, मामा?"

"फायर? अगं, त्यांनी एक ओळ माझ्या नावावर केली. नकाशात लावलीय."

"यू टॉक हीप्स," ती म्हणाली आणि आत जाऊन आईला तेच सांगितलं, फक्त ओळीचे तीन एकर करून.

संध्याकाळी तात्यांना फोन केला. नोकरी लागल्याचं सांगितलं, खरं खरं, मॅनेजर नाही, छाटणीवाला. ते म्हणाले, "त्या ओळीला आता काड्या जोरात येतील. पुढच्या साली निवडताना मला फोटो पाठव."

"पाठवतो."

"या बारीला कात्री लावायच्या आधी."